चारमिनारपुढची स्कूटर

वेचणीचे दिवस आले की ते माझ्या नाकाला आधी कळतात. वर्ध्याला लागूनच्या बोरगाव मेघेत आमच्या घराभोवती आता कापूस पिकत नाही, प्लॉट पिकतात. पण देवळीकडून, पुलगावकडून भरलेल्या गाड्या जाऊ लागल्या की रस्त्याकडेच्या बाभळींना पांढरे पुंजके लटकतात आणि मी दिवसभर शिंकत राहते. नवरा म्हणतो, ॲलर्जी आहे, डॉक्टरला दाखव. मी म्हणते, ॲलर्जी नाही, माहेर आहे.

परवा अशाच शिंका चालू असताना माझी मुलगी एक चित्राचं कार्ड नाचवत आली. तिची मैत्रीण आईवडिलांबरोबर केरळात फिरायला गेली होती, तिनं तिथून पाठवलेलं. माड, होडी, हिरवं पाणी. मागे लिहिलेलं, 'इथे खूप मज्जा. तू हवी होतीस.' मी ते हातात घेतलं. आधी चारही कोपरे पाहिले, मग पोस्टाचा शिक्का पाहिला, मग कार्ड पालथं-उताणं करून उजेडाकडे धरलं. "आई, काय शोधतेस?" मुलीनं विचारलं. मी "काही नाही" म्हटलं, पण मी शोधत होते. तू हवी होतीस म्हणजे काय? हवी होती तर मग निघताना विचारलं का नाही? मुलीनं कार्ड माझ्या हातातून ओढून घेतलं आणि स्वतःच्या कपाटाला आतून चिकटवलं.

चित्राचं कार्ड ही वस्तूच मला सरळ वाटत नाही. साधं पिवळं कार्ड गरिबाघरचं असतं, ते काय सांगायचं ते सांगून मोकळं होतं. पाकीट निदान तोंड मिटून येतं, म्हणजे आत काहीतरी आहे हे कबूल करतं. हे चित्राचं कार्ड मात्र उघड्या अंगानं गावभर फिरत येतं आणि तरी काही सांगत नाही. पुढे ताजमहाल, मागे 'मी खुशाल'. पाठवणाऱ्यानं ते का निवडलं, दुकानात दुसरी चित्रं नव्हती का, त्याला तो महाल आवडला की तो तिथे पोचला एवढंच मिरवायचं होतं, काही कळायला मार्ग नाही. ज्याला ते येतं त्यानं आपल्या मनाप्रमाणे वाचायचं. आणि आमच्या घरची मनं कशी होती ते मला चांगलं ठाऊक आहे.

नाचणगावच्या आमच्या घरात त्या हंगामात मधली खोली आढ्यापर्यंत कापसानं भरली होती. नव्वदीच्या दशकातली मधली वर्षं. सीतादही होऊन वेचणी सुरू झाली होती. बायका शेतात दहीभात शिंपडून, पहिली बोंडं देवाला दाखवून कामाला लागल्या होत्या. संध्याकाळी गाठोडी यायची, अंगणात काटा टांगलेला असायचा, आणि आम्ही मुली कापसाच्या ढिगावर पाय खुपसून बसायचो. कापूस वरून थंड आणि आतून ऊबदार असतो. सरकी पायाला टोचते, पण उठावंसं वाटत नाही. घरभर तूस उडायचं, भाजीत पडायचं, डोळ्यांच्या पापण्यांवर बसायचं. त्याच दिवाळीनंतर माझ्या थोरल्या बहिणीचं, सुनंदाताईचं साक्षगंध झालं होतं आणि लग्न होळीनंतरचं धरलं होतं.

मुलगा हिंगणघाटचा, प्रमोद. बियाण्यांच्या कंपनीत फिरतीची नोकरी. उंच, कमी बोलणारा, साक्षगंधाला आला तेव्हा पोह्यांतले शेंगदाणे शेवटी खायला बाजूला काढून ठेवणारा. ताईला तो आवडला होता. तिनं तसं म्हटलं नाही, पण त्या दिवसापासून ती पोह्यांत शेंगदाणे जास्त घालू लागली. बोलणी झाली तेव्हा त्याच्या वडिलांनी बैठकीत सगळ्यांसमोर हात जोडून सांगितलं, "आमाले काई नको. पोरगी आन नारळ, बस."

बाबांचे डोळे भरून आले. मोठ्या आईचे बारीक झाले.

मोठी आई म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाची बायको. मोठे बाबा लवकर गेले, तेव्हापासून घर तिच्या हातात होतं. बाबा तिला विचारल्याशिवाय बैलही बदलत नसत, आणि आमची आई तर दोघांच्या मध्ये बोलतच नसे. पाहुण्यांची पाठ फिरल्यावर मोठी आई म्हणाली, "ज्याले काईच नको, त्याले सारं पाह्यजे असते. सांगून ठेवतो."

तिला असं वाटण्याला कारण होतं. तिच्या लग्नात आमच्याच घरच्यांनी "काई नको" म्हटलं होतं. आणि मग पितळी गुंड आणला नाही म्हणून आमच्या आजोबांच्या बहिणीनं तिला इतकं ऐकवलं, की शेवटी तिच्या भावानं तो गुंड डोक्यावर घेऊन पायी आणून दिला. तो गुंड आमच्या न्हाणीघरात होता, आम्ही त्यातलं पाणी रोज अंगावर घ्यायचो. दुधानं तोंड पोळलेली बाई होती ती, ताक फुंकणारच.

आणि मग कार्डं येऊ लागली.

पहिलं आलं ते म्हैसूरच्या महालाचं. रात्रीचा महाल, सगळा दिव्यांनी भरलेला. पोस्टमन ते सायकलच्या हँडलवर धरून, येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत आमच्या गल्लीत शिरला. तो दारात पोचायच्या आत शेजारची पोरं ओरडत आली, "सुनंदाताईले महाल आला!" कार्ड ताईला नव्हतं. लग्नाआधी मुलीला कोण लिहितं? ते बाबांना होतं. 'ती. मामाजींस सा. न. वि. वि. मी कामानिमित्त इकडे आहे. तब्येत ठीक. वेचणी कशी सुरू आहे? सर्वांस नमस्कार.' मोठ्या आईनं आधी कोपरे तपासले. फाटका कोपरा म्हणजे कुणी तरी गेल्याची खबर, हे आमच्याकडे लहान मुलालाही माहीत. कोपरे शाबूत होते. मग तिनं मला मजकूर दोनदा वाचायला लावला.

"बस? एवढंच?"

"एवढंच."

"एवढ्यासाठी माणूस महालाचं कारड घेते का बापा? पिवळं नव्हतं भेटत?"

ताई चुलीपुढे भाकरी थापत होती. तिचा हात थांबला होता हे मी पाहिलं. नंतर कार्ड देवाच्या कोनाड्यात उदबत्तीच्या पुड्यामागे ठेवलं गेलं, आणि दिवा लावायचं काम, जे आम्ही दोघी एकमेकींवर ढकलायचो, ते ताईनं आपणहून स्वतःकडे घेतलं.

दुसरं कार्ड ताजमहालाचं. ते पाहून मोठ्या आईनं कपाळावर हात मारला. "हे तं मसण आहे! जित्या बाईच्या घरी कबरीचं चित्र कोन धाडते वं?" बाबांनी तिला समजावलं, की प्रेमाची निशाणी म्हणतात त्याला. त्यावर ती म्हणाली, "बायको मेल्यावर बांधली न? मंग?" बाबांनी कार्ड उचलून पहिल्याच्या शेजारी नेऊन ठेवलं. याचं उत्तर माझ्याकडे अजूनही नाही.

तिसऱ्या कार्डानं मात्र घराची झोप उडवली. काश्मीरचं चित्र, डोंगर बर्फानं झाकलेले. मजकूर तोच, फक्त वेचणीऐवजी तुरीची चौकशी. मोठ्या आईनं मला शिक्का वाचायला सांगितलं. शिक्का स्वच्छ उठला होता. नागपूर.

"नागपुरात बरफ कुठून आला?"

 बाबांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा शिक्का पाहिला. नागपूरच. म्हणजे जिथे माणूस आहे तिथलं चित्र तो पाठवत नव्हता. म्हणजे चित्र तो निवडून पाठवत होता. आणि मजकुरात तर काहीच नव्हतं. तिथून पुढची पायरी मोठी आई एका दमात चढली. "बोलाचं थे अक्षरात नाई लिहू शकत, बैठकीत नाई म्हणून बसले न. म्हणून चित्रानं सांगून राह्यला. महालाची लायटिंग पाह्यली का? मांडवाले लायटिंग पाह्यजे. हे बरफ पाह्यलं? फ्रीज पाह्यजे."

आज हे लिहिताना हसू येतं. तेव्हा कुणी हसलं नाही. सगळं अगदी बरोबर जुळत होतं, म्हणूनच ते इतकं भयंकर होतं. संशयाचं असंच आहे, एकदा वाकडी फूटपट्टी हातात घेतली की सगळ्या रेषा तिला जुळतात. मलाही त्या चित्रांतल्या वस्तू दिसू लागल्या. म्हैसूरच्या महालात मी दिवे मोजत बसे. ताजमहालात मागण्यासारखं काय आहे ते मात्र सापडत नव्हतं. शेवटी मोठी आई म्हणाली, "संगमरवर. न्हाणीत फरशी."

संक्रांतीच्या सुमारास चारमिनार आला. उन्हातला चारमिनार, पायथ्याशी गर्दी, बांगड्यांची दुकानं, आणि अगदी पुढे, चित्राच्या खालच्या कोपऱ्यात, आभाळी रंगाची एक स्कूटर उभी. शिक्का हैदराबादचा होता. मला हायसं वाटलं. "मोठी आई, या वेळी गाव बरोबर आहे."

तिनं कार्ड लांब धरलं. "हैद्राबादेत चारमिनारचं एकच कारड भेटते का? बिनागाडीचं नसन भेटलं?"

आणि संपलं. दिवे, बर्फ, फरशी सगळं मागे पडलं. आता कुणाला शंकाच राहिली नाही. बाबा ओसरीवर कार्ड घेऊन बसून राहिले. त्या वर्षी कापसाच्या पैशातून घरावरचे कवेलू बदलायचे होते. न्हाणीघराच्या वरून आभाळ दिसायचं. बाबा एकदा वर पाहायचे, एकदा कार्डाकडे.

ताई तोवर एक शब्द बोलली नव्हती. त्या दिवशी बोलली. पदराला हात पुसत ओसरीच्या दाराशी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, एकदा विचारा न त्यायले."

"काय विचारू?"

"गाडी पाह्यजे का म्हणून."

"असं विचारत असतात का बाई? विचारलं तं थे नाईच म्हणतीन. लोकायसमोर नाई म्हटलं, आता हो कसं म्हणतीन? आन उद्या तू तिथं गेल्यावर उभा जनम तुले ऐकवतीन. वहिनीले विचार."

"मले तं वाटे," ताई अडखळली, "थे चित्र मले धाडून राह्यले म्हणून. मी कुठी गेलती कधी? वर्ध्याच्या पुढं नाई गेली मी. म्हणून दाखवून राह्यले असतीन."

मोठी आई उठून तिच्याजवळ गेली. तिच्या डोक्यावरून हात फिरवला. ती कठोर नव्हती, हे मला इथेच सांगून टाकलं पाहिजे. ताईवर तिचा माझ्यापेक्षा जास्त जीव होता. "पोरी," ती म्हणाली, "मलेई असंच वाटे. तुह्या मोठ्या बापानं मले लगनाआधी मोगऱ्याचं अत्तर धाडलं होतं. मंग गुंड मागतला."

बाबांनी वर्ध्याहून स्कूटर आणली. दुकानात पांढरी होती, राखाडी होती. बाबांनी खिशातून कार्ड काढून दुकानदाराला दाखवलं, असाच रंग पाहिजे. आभाळी रंगाची गाडी नागपूरहून यायची होती, बाबा थांबले. लग्नापर्यंत ती मधल्या खोलीत उभी होती, कापूस विकून रिकामी झालेल्या जागेत, धोतराखाली झाकून. आम्ही धोतर उचलून आरशात तोंडं पाहायचो. ताई त्या खोलीत जात नसे.

मांडवात ती गाडी मध्यभागी ठेवली होती. हँडलला झेंडूचा हार, पुढच्या चाकावर कुंकवाचं स्वस्तिक. व्याही आले, थबकले. "हे काय आहे?" बाबा हात जोडून म्हणाले, "फूल नाई, फुलाची पाकळी." व्याह्यांनी विहिणीकडे पाहिलं, विहिणीनं ताईकडे पाहिलं, पायापासून डोक्यापर्यंत. नवरदेव गाडीकडे पाहत होता आणि त्याच्या तोंडावर काही म्हणजे काही नव्हतं. मोठी आई माझ्या कानाशी लागली, "पाह्यलं? नाई म्हटलं का?" त्यांनी खरंच नाही म्हटलं नाही. गाडी टेम्पोत चढली आणि पाठोपाठ ताई.

आषाढात आखाडीला ताई माहेरी आली तेव्हा तिच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. मोठ्या आईनं विचारलं, काही बोलतात का? नाही. मारतात? नाही. जेवायला देतात? "हो वं मोठी आई, सारं चांगलं आहे." मोठ्या आईनं समाधानानं माझ्याकडे पाहिलं. गाडी दिली नसती तर, असं ते पाहणं होतं.

खरं काय ते ताईनं मला बऱ्याच वर्षांनी सांगितलं, मी लग्न होऊन वर्ध्यात आल्यावर, माझ्याच स्वयंपाकघरात कांदा चिरताना. हिंगणघाटला गाडी उतरली त्याच दिवशी सासूनं ताईच्या जावेला बाजूला घेऊन म्हटलं होतं, "आपन मागतली नाई, तरी गाडी देल्ली. काऊन देल्ली? पोरीत काईतरी असन."

मग शोध सुरू झाला. ताईला सुईत दोरा ओवायला लावला. भिंतीवरचं कॅलेंडर दारातून वाचायला सांगितलं. ती पाठमोरी असताना मागे पातेलं आपटलं, दचकते का ते पाहायला. जिना चढताना जाऊ खाली उभी राहून तिच्या पावलांकडे बघत राही. नागपूरला एका बाईडॉक्टरकडे नेलं. तिनं "सगळं ठीक आहे" सांगितल्यावर दुसरीकडे नेलं, कारण ठीक असेल तर मग गाडी कशाला? नाचणगावात कुणी एक माणूस बैल पाहायला म्हणून येऊन गेला आणि शेजारच्या काकांना विचारत बसला, या पोरीचं आधी कुठे जमून मोडलं होतं का. काका आमच्याच गल्लीचे. त्यांनी उत्तर न देता उलट त्यालाच विचारलं, "तुमाले काऊन पाह्यजे?" तो निरोप हिंगणघाटला पोचला, की गाव काहीतरी लपवून राहिलं.

"आन भाऊजी?" मी विचारलं.

"त्यायनं कधी काई म्हटलं नाई. पन गाडीवर बसले नाई. आजवर नाई. दीर चालवतो."

शेवटी एकदा ताईनंच त्यांना विचारलं होतं, की तुम्ही ते गाडीचं कार्ड का पाठवलंत? ते म्हणाले, "कोन्ती गाडी? मी तं चारमिनार धाडला." त्यांनी सांगितलं, की अक्षरं मामाजींसाठी होती आणि चित्रं तिच्यासाठी. लग्नाआधी मुलीला तर पत्र धाडता येत नाही, मग निदान बघायला तरी. नागपूरच्या फलाटावर काश्मीर दिसलं म्हणून ते घेतलं. आणि मग त्यांनी तिला विचारलं, "आता तू सांग. तुमी गाडी काऊन देल्ली?"

ताई म्हणाली, हौसेनं. काय सांगणार होती? आमच्या घरच्यांनी तुम्हाला लबाड समजलं म्हणून, असं नवऱ्याला सांगायचं? त्यांनी "हौसेनं" हा शब्द तिच्या पाठोपाठ एकदा म्हटला आणि पेपर उचलला. हे सांगून ताई रडली. कांद्याचं निमित्त होतं, पण ते कांद्याचं रडणं नव्हतं. तिला सगळ्यात वाईट कशाचं वाटत होतं, तर ती चित्रं तिची होती आणि तिला ती धड पाहताच आली नाहीत. आम्ही सगळ्यांनी ती तिच्या आधी वाचून टाकली होती.

भाऊजी खरं बोलत असावेत. मला तसं वाटतं. पण 'असावेत' हा शब्द माझ्या वाक्यातून काही जात नाही. एवढी लख्ख आभाळी रंगाची गाडी, चित्राच्या अगदी पुढ्यात, आणि माणसाला दिसत नाही? मग वाटतं, त्यांना बघायचा होता चारमिनार, त्यांनी चारमिनार बघितला. मग पुन्हा वाटतं, खरंच? माझी मुलगी कपाट उघडते तेव्हा ते केरळचं कार्ड मला दिसतं आणि माझे डोळे आपोआप त्या होडीत कोण बसलंय ते बघायला जातात. तिला कधी तरी असं चित्र येईल, असं कुणाचं तरी, आणि मी मध्ये उभी असेन, ही भीती मला वाटते.

बाबा आजारी पडले ते ताईनं मला हे सांगितल्यानंतरच्या अशाच वेचणीच्या दिवसांत. मधल्या खोलीत पुन्हा कापूस भरला होता, त्यांची खाट ओसरीवर टाकली होती. मोठी आई उशाशी भिंतीला टेकून बसलेली. तिला आता दिसत कमी होतं, पण कान शाबूत होते. ताई हिंगणघाटहून बसनं आली. येऊन बाबांच्या पायथ्याशी बसली आणि त्यांचे पाय दाबू लागली.

"कशानं आली बाई?"

"बसनं, बाबा."

"गाडी चालते न अजून?"

"चालते न. हे रोज नेतात."

बाबांचा चेहरा फुलला. ते मान वळवून मोठ्या आईला म्हणाले, "पाय वहिनी. पोरानं तोंडातून शबद काढला नव्हता. आपन वळखलं." मोठी आई हुंकारली. मी ताईकडे पाहिलं. ती खाली मान घालून पाय दाबत राहिली, एका लयीत, टाचेपासून पोटरीपर्यंत.

"गाडी देल्ली म्हणून तं," बाबा डोळे मिटून म्हणाले, "तुह्यात कोनी खोट नाई काढली."

"हो, बाबा," ताई म्हणाली.